आपल्या स्टेशनचा गट पुरेसा नाही

मुंबई उपनगरांतल्या सीएंची अभ्यासमंडळं स्टेशनागणिक आहेत. पश्चिम रेल्वेवर बोरिवली, कांदिवली, मालाड, पार्ले, अंधेरीत जे. बी. नगर, मध्य रेल्वेवर घाटकोपर, मुलुंड. कागदोपत्री त्यांना ‘सीपीई (म्हणजे निरंतर व्यावसायिक शिक्षण) स्टडी सर्कल’ म्हणतात आणि ती इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सच्या पश्चिम विभागीय परिषदेशी जोडलेली असतात. बैठक बहुधा सुट्टीच्या सकाळी, एखाद्या शाळेच्या नाहीतर ज्ञातीच्या हॉलमध्ये. दाराशी टेबल, त्यावर हजेरीपत्रक, सहा आकडी सभासद क्रमांकापुढे सही. बाजूला चहा, उपमा, मुलुंड-घाटकोपरला ढोकळाही. मग वक्ता, पडद्यावरच्या स्लाइड्स, शेवटी दहा मिनिटं शंका, आभार. तीन तास बसलं की तीन तासांचं क्रेडिट खात्यावर जमा.

ही मंडळं नसती तर एकट्याच्या जिवावर ऑफिस चालवणाऱ्या सीएचं कठीण होतं, हे आधीच मान्य करतो. उपनगरातली बहुतेक ऑफिसं एकांड्या माणसाची. एक मालक, दोन-तीन आर्टिकल्स (उमेदवारी करणारी मुलं), एखादा जुना अकाउंटंट. त्याला वर विचारायला कोणी नाही आणि बरोबरीचंही कोणी नाही. रविवारी सकाळी त्याला त्याच्याच धंद्यातली साठ माणसं भेटतात, ही लहान गोष्ट नाही. आजारी पडला तर रिटर्न भरून देणारा मित्र त्याला इथेच मिळतो. तरीही माझं म्हणणं असं की या मंडळात नाव घालून जो थांबला, तो आपलं नुकसान करून घेतो. ज्या विषयावर आपलं पोट चालतं त्या विषयाचा एक गट प्रत्येकाने गाठावा, आणि तो शक्यतो आपल्या स्टेशनचा नसावा.

कारण साधं आहे, फक्त उघड कोणी बोलत नाही. स्टेशनच्या मंडळात शेजारच्या खुर्चीवर आपला स्पर्धक बसलेला असतो.

मुलुंडचा झवेर रोड घ्या किंवा बोरिवलीचा चंदावरकर रोड. एकेका इमारतीत सीएंच्या दोन-दोन, तीन-तीन पाट्या. सगळ्यांची गिऱ्हाइकं त्याच दोन किलोमीटरांतली: तेच दुकानदार, तेच डॉक्टर, त्याच गृहनिर्माण संस्था. अशा हॉलमध्ये उठून खरी शंका विचारायची म्हणजे आपलं गिऱ्हाईक आणि आपलं अज्ञान, दोन्ही एकदम चव्हाट्यावर मांडायचं. त्यात कायद्याचंही बंधन. सनदी लेखापाल कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात गिऱ्हाइकाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणं हे गैरवर्तन ठरवलं आहे. नाव न घेता विचारायचं म्हटलं, तरी ‘पूर्वेची, स्टेशनजवळची, साठ फ्लॅटची एक सोसायटी आहे’ एवढं म्हणेपर्यंत मागच्या रांगेत दोघांनी ती ओळखलेली असते. त्यातल्या एकाला पुढच्या वर्षी तिचं ऑडिट हवं असतं. मग माणूस करतो काय? ताकाला जातो आणि भांडं लपवतो. गोलमोल शंका विचारतो, गोलमोल उत्तर घेतो आणि घरी जाताना फाइल होती तिथेच असते.

शंका कसली असते ते एकदा जवळून बघा. सोसायटीचा मेंटेनन्स, पालिकेचा मालमत्ता कर वगळून, दरमहा साडेआठ हजार आहे. दर सभासदामागे महिन्याला साडेसात हजारांपर्यंतच्या वर्गणीवर जीएसटी नाही. त्यावर गेली आणि संस्थेची वर्षाची उलाढाल वीस लाखांहून जास्त असली, तर कर लागतो. पण कशावर? सगळ्या साडेआठ हजारांवर की फक्त वरच्या एक हजारावर? केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जुलै 2019 च्या परिपत्रकात सांगितलं, सगळ्यावर. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै 2021 मध्ये एका प्रकरणात सांगितलं, फक्त वरच्यावर. 18 टक्क्यांनी हिशेब करा. पहिल्या रीतीने माणशी 1,530 रुपये, दुसऱ्या रीतीने 180. फरक 1,350. साठ फ्लॅट धरले तर महिन्याला 81,000 आणि वर्षाला पावणेदहा लाखांच्या घरात. सोसायटीच्या वार्षिक सभेत हे सांगायला उभा राहणारा खजिनदार एखादा निवृत्त बँकवाला असतो, आणि त्याचं सगळं लक्ष सीएकडे. सीए काय सल्ला देणार? महाराष्ट्रातल्या संस्थेने मद्रासच्या निकालावर किती विसंबायचं, कर भरून परतावा मागायचा की न भरता नोटिशीची वाट बघायची, सभासदांना लिहून काय द्यायचं? ही उत्तरं स्लाइडवर नसतात. ज्याने बोरिवलीला, कांदिवलीला अशाच दहा संस्थांचं काम केलं आहे, ज्याच्याकडे अशी नोटीस येऊन गेली आहे, त्याच्या तोंडून ती मिळतात. आणि तो मोकळेपणाने बोलतो, कारण मुलुंडची सोसायटी त्याला नको असते.

पुनर्विकासाचंही तेच. बिल्डरकडून सभासदाला मिळणारं ट्रान्झिट भाडं, त्रासाबद्दलची भरपाई, संस्थेच्या नावे येणारा कॉर्पस, जादा क्षेत्र: या प्रत्येक रकमेचा कर-विचार वेगळा. मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने 2012 मध्ये अशा एका भरपाईला भांडवली जमा मानलं, तेव्हापासून तो निकाल उपनगरभर खिशात घालून माणसं फिरतात. पण आपल्या करारातली रक्कम त्या निकालात बसते का, हे करार समोर ठेवूनच कळतं. बोरिवली ते मुलुंड या पट्ट्यात जुन्या चार मजली इमारती पाडून बावीस मजली उभ्या राहताहेत. त्यांचे हिशेब करणारी माणसं इथेच आहेत. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासाच्या करआकारणीवर देशातला सर्वांत जाणता गट उपनगरांतच उभा राहायला हवा. स्टेशनवार मंडळांत मात्र हा विषय वर्षातून एखाददुसऱ्या व्याख्यानापुरता येतो. बाकीचे रविवार बजेट, जीएसटी वार्षिक विवरण, ऑडिट रिपोर्ट आणि, अलीकडे प्रत्येक ठिकाणी, कृत्रिम बुद्धिमत्ता.

अंधेरीची गोष्ट आणखी वेगळी. एका अंगाला 1973 चं सीप्झ आणि एमआयडीसी, म्हणजे निर्यात, दागिने, सॉफ्टवेअर, परकीय चलन. दुसऱ्या अंगाला लोखंडवाला-वर्सोवा, म्हणजे सिनेमा आणि मालिका. सिनेमावाल्यांचा कर हा स्वतंत्र अभ्यास आहे. आयकर नियमांत ‘चित्रपट कलावंत’ या शब्दाखाली नटच नाही, कॅमेरामन, संकलक, गीतकार, पटकथालेखक, संवादलेखक, नृत्यदिग्दर्शक, वेशभूषाकार सगळे येतात. म्हणून सिनेमाचे संवाद लिहिणाऱ्या माणसाला ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मी रक्कम उत्पन्न धरून रिटर्न भरण्याची सोय मिळते. साउंडवाल्याचं नाव मात्र त्या यादीत दिसत नाही, मग त्याचं काय? असा प्रश्न जे. बी. नगरच्या हॉलमध्ये विचारला, तर निम्म्या लोकांना तो कधी पडलेलाच नसतो आणि ज्यांना पडलेला असतो ते गप्प बसतात. त्यांचंही चूक नाही.

मुळात स्टेशनवार मंडळं झाली ती गाडीमुळे. व्यवसायाच्या जुन्या संस्था सगळ्या दक्षिणेला. चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स 1926 ची, बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी 1949 ची. दोघींचे पत्ते वर्षानुवर्षं न्यू मरीन लाइन्सचे. तिथे संध्याकाळी सहाची बैठक धरायची, तर बोरिवलीच्या माणसाने दुपारी चारला ऑफिस बंद करायचं आणि रात्री लोंबकळत परत यायचं. तेव्हा आपल्या स्टेशनवर हॉल घेऊन वक्त्यालाच इकडे बोलावणं शहाणपणाचं होतं. बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटीनेही उपनगरांसाठी ‘सबर्बन स्टडी सर्कल’ वेगळं काढलं आणि त्याच्या बैठका अंधेरीकडे घेतल्या. त्याच सोसायटीत प्रत्यक्ष करांचं, अप्रत्यक्ष करांचं, परकीय चलनाच्या फेमा कायद्याचं, आंतरराष्ट्रीय कर आकारणीचं अशी वेगवेगळी मंडळं आहेत. वर्गणी भरलेल्या सभासदाने यातलं एक निवडून तिथे नेमाने जायचं, एवढंच बाकी असतं. तेवढंच बहुतेक जण करत नाहीत.

जाण्यायेण्याची सबब आता पूर्वीइतकी खरी नाही. 8 जून 2014 ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरचा माणूस दादरला वळसा न घालता अंधेरीत उतरू लागला; एका स्टेशनाचं नावच चकाला (जे. बी. नगर). मुलुंड-बोरिवली अजून अवघडच. रेल्वेने जायचं तर दादरला लाइन बदलायची, रस्त्याने जायचं तर घोडबंदर नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची कृपा. पण महिन्यातून एक संध्याकाळ अंधेरीला येणं दोघांनाही जमेल. करोनानंतर बैठका ऑनलाइनही होऊ लागल्या. तिथे मात्र वेगळाच रोग जडला: कॅमेरा बंद, माइक बंद, माणूस दुसऱ्या खिडकीत रिटर्न भरतोय. नाव हजर, बाकी गैरहजर. विषयाचा गट ऑनलाइन चालू शकतो. अट एवढीच की आठ-दहा जणांचा असावा आणि चेहरे दिसावेत.

एखाद्या संस्थेच्या पोटात विषयाचे गट फुटणं ही काही नवी टूम नाही. मुंबईतच 1848 मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि तिच्या पोटात मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा वेगळ्या बसू लागल्या. मराठी सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग. अमेरिकेत रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने 1948 मध्ये ‘प्रोफेशनल ग्रुप’ सुरू केले, पहिला ध्वनितंत्राचा. संगणकवाल्यांच्या एसीएम या संस्थेत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकावर चित्रं काढण्यात रस असलेल्या थोड्या लोकांनी आपला गट मागून घेतला, तो पुढे ‘सिग्राफ’ झाला. 1974 ला त्याची पहिली परिषद बोल्डर गावी भरली. आज सिनेमातल्या संगणकीय दृश्यांची जत्रा भरते ती त्याचीच. आपल्याकडे कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया 1965 ची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आर. नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष, आणि मुख्यालय कित्येक वर्षं अंधेरी पूर्वच्या एमआयडीसीत. तिच्यातही ई-प्रशासनासारख्या विषयांचे खास गट आहेत. दाराशी मुख्यालय असून अंधेरीतल्या किती सॉफ्टवेअरवाल्यांना त्या गटांचा पत्ता असेल, हा प्रश्न इथे वाढवत नाही.

मराठी वाचकाला त्याहून ओळखीचं उदाहरण शाळेतलं आहे. शिक्षकांच्या मोठ्या संघटना पगार, पेन्शन, बदल्या यांसाठी भांडतात आणि त्यांनी भांडलंच पाहिजे. पण ज्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी सहावी-नववीची मुलं क्लास लावतात, ती 1981 पासून चालवली विज्ञानाच्या शिक्षकांनी, ग्रेटर बॉम्बे सायन्स टीचर्स असोसिएशनने. लेखी, प्रात्यक्षिक, मुलाखत, प्रकल्प एवढा पसारा एका विषयाच्या शिक्षकांच्या संस्थेने उचलला. विज्ञान शिकवणाऱ्याला दुसऱ्या शाळेतला विज्ञान शिकवणारा स्पर्धक वाटत नाही, हे त्यामागचं एक कारण असावं असा माझा अंदाज आहे.

क्रेडिटच्या तासांनी सगळ्यात जास्त बिघडवलं आहे. 2023 ते 2025 या टप्प्याला प्रॅक्टिस करणाऱ्या, साठीच्या आतल्या सीएला तीन वर्षांत 120 तास भरायचे होते, त्यांतले 60 ‘स्ट्रक्चर्ड’, म्हणजे रीतसर आखलेल्या कार्यक्रमांचे. उद्देश चांगला. पण तास मोजायला लागलं की माणसं तासच गोळा करतात. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी हॉल तुडुंब भरतात ते उगाच नाही. विषय काहीही असो. सही, उपमा आणि मागच्या दाराने बाहेर. डॉक्टरांचंही फार वेगळं नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत 30 क्रेडिट लागतात, आणि तीही पंचतारांकित हॉटेलातल्या औषध कंपनीच्या जेवणासकट मिळत आली आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे नियम काढून कंपन्यांच्या खर्चाच्या अशा कार्यक्रमांना मनाई केली आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगितही केले. उपमा खाणारे सीए त्या मानाने बरेच सोवळे म्हणायचे.

दुसरा बिघाड पदांचा. मंडळाला निमंत्रक असतो, उपनिमंत्रक असतो. काही जण मनापासून राबतात. वक्त्याला फोन, हॉलचं भाडं, माइक, पोचपावत्या सगळं एकहाती बघतात. काहींना मात्र तिथून विभागीय परिषदेची पायरी दिसत असते. निवडणूक जवळ आली की स्टेशनच्या मंडळांना अचानक बहर येतो, हारतुरे वाढतात, पहिली रांग राखीव होते. विषयाच्या लहान गटात मतं नसतात, त्यामुळे पुढारीही फिरकत नाहीत. गटाचा हा गुण कुठे छापलेला नसतो, पण मला तो मोठा वाटतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. प्रत्येक मंडळाचा एक ग्रुप, त्यात पहाटेपासून पीडीएफचा पाऊस. निकाल, परिपत्रकं, मुदतवाढीच्या अफवा, मग ‘धन्यवाद सर’. विचारलेल्या शंकेला तीन मिनिटांत चार उत्तरं येतात, चौघांची चार, आणि पाचवा सुविचार टाकून ती वर ढकलून देतो. हे वाईट नाही, उपयोगीच आहे. पण याला गटाचं सभासद होणं म्हणत नाहीत. गटात आपली पाळी येते. बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटीच्या निवासी शिबिरांत पेपर आधी छापून वाटतात, लोक लहान तुकड्यांत बसून तो वाचून फाडतात, आणि मग पेपर लिहिणाऱ्याला सगळ्या तुकड्यांच्या शंकांना उभं राहून तोंड द्यावं लागतं. स्टडी सर्कलमध्येही ‘ग्रुप लीडर’ हा सभासदांतलाच एक असतो, विषय तयार करून येतो. पहिल्या वेळी घाम फुटतो. पण महिनाभर त्या एका कलमामागे लागल्यावर त्या कलमापुरता तो हॉलमधल्या कुणाहूनही कमी नसतो. तीस वर्षं श्रोता म्हणून बसलेल्याला हे सुख माहीत नाही.

इथे मराठी माणसाबद्दल थोडं. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ 1923 पासून, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, बोरिवली-गोरेगावची ग्रंथालयं आणि नाट्यमंडळं: संस्था काढणं आणि चालवणं आपल्याला कुणी शिकवायला नको. गणेशोत्सवाच्या हिशेबावरून आपण रात्री एकपर्यंत वाद घालतो. पण व्यवसायाच्या मंडळात आपला माणूस मागच्या रांगेत. घाटकोपर-मुलुंडला चहाच्या टेबलाभोवती गप्पा गुजरातीत रंगतात, व्याख्यान इंग्रजीत होतं, आणि मराठी सीए सही करून एकटाच चहा पितो. गुजराती मंडळींनी आपल्याला अडवलेलं नाही. ते एकमेकांना कामं देतात, शंका विचारतात, पोराला आर्टिकलशिपला पाठवतात, आणि आपण त्याला कंपूबाजी म्हणून मोकळे होतो.

खरं तर सहकारी संस्थांच्या ऑडिटचा गट मराठीत चालवण्यासारखा आहे. कायदा 1960 चा, राज्याचाच, उपनिबंधक कार्यालयातला पत्रव्यवहार मराठीत, उपविधी मराठीत, संस्थेचे सचिव-खजिनदार निम्म्याहून अधिक मराठी. लेखापरीक्षण अहवालावर संस्थेने द्यायचा दोषदुरुस्ती अहवाल दरवर्षी ओढूनताणून लिहिला जातो, कारण ऑडिटरने शेरे इंग्रजीत मारलेले असतात आणि उत्तर देणाऱ्या खजिनदाराला त्यातला निम्मा भाग कळलेला नसतो. टी विभागातला मुलुंडचा ऑडिटर आणि आर-मध्यमधला बोरिवलीचा ऑडिटर यांनी आपापले वीस नेहमीचे शेरे घेऊन एक दुपार बसायचं ठरवलं, तर साध्या मराठीतला नमुना तयार होईल. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

वेळेचा प्रश्नही आहे आणि तो बायकांनी उपस्थित केल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही. रविवारी सकाळी नऊला घराबाहेर पडणं ज्या पुरुषाला सहज जमतं, त्याच्या घरी त्या वेळी नाश्ता, मुलं, सासू-सासरे कोण बघत असतं? आता सीए होणाऱ्यांत मुली भरपूर आहेत, पण उपनगरी मंडळांच्या रविवारच्या हॉलमध्ये त्या त्या प्रमाणात दिसत नाहीत. कामाच्या दिवशी दुपारी तीन ते पाच, कोणाच्या तरी ऑफिसात, आठ-दहा जणी आणि जण, असा गट त्यांना जमेल. नोकरीतल्या सीएंना तेही जमणार नाही, त्यांना रात्रीची ऑनलाइन वेळ लागेल. एकच वेळ सगळ्यांना सोयीची करायला जाल तर कोणाचीच सोय होणार नाही. लहान गटांना हे स्वातंत्र्य असतं.

किती गट धरावेत? एक. फार तर दोन. जो जीएसटीच्या गटातही आहे, फेमाच्याही, ट्रस्टच्याही, दिवाळखोरी संहितेच्याही, त्याची गत एक ना धड भाराभर चिंध्या. आपल्या ऑफिसातल्या फायली काढून बघाव्यात, कुठल्या कामातून वर्षाचं भाडं आणि पगार निघतात ते मोजावं आणि त्या विषयाकडे वळावं. लोक उलट करतात: चलती ज्याची त्या विषयाकडे धावतात. मुलुंडला बसून सोसायट्यांचं ऑडिट करणारा माणूस ट्रान्सफर प्रायसिंगच्या बैठकीत कशाला बसतो? तास भरतात म्हणून.

हे सगळं आत्ता म्हणण्याला कारण आहे. 1961 चा आयकर कायदा जाऊन 2025 चा नवा कायदा आला. त्याच्या अंमलाची तारीख 1 एप्रिल 2026. आठशेच्या वर गेलेली कलमं 536 वर आली, आणि तीस-चाळीस वर्षं तोंडपाठ असलेले आकडे निकामी झाले. 80सी म्हटलं की किराणा दुकानदारालाही कळायचं. आता ते 123. निम्मं उत्पन्न धरण्याची ती कलावंतांची सोय 44एडीएमधून 58 मध्ये गेली. टीडीएसची इकडेतिकडे विखुरलेली कलमं बहुतांशी एका 393 मध्ये कोंबली. ‘कलम बदललं, कायदा तोच’ असं वक्ते सांगतात. ते बरंचसं खरं आहे, पण मेख ‘बरंचसं’मध्ये आहे. कुठला शब्द गळला, कुठला स्पष्टीकरणातून मूळ कलमात आला, जुने निकाल कुठे लागू राहिले, हे एकट्याने 536 कलमं वाचून हाती लागणार नाही. दहा जणांनी आपापल्या विषयाची पाच-पाच कलमं जुन्याशेजारी ठेवून ताडून पाहिली तर लागेल. शिवाय या एका वेळेपुरते पस्तीस वर्षांचा मुरलेला सीए आणि परवा पास झालेली पोरगी सारख्याच बाकावर आहेत. तिला ज्येष्ठांसमोर बोलायचा संकोच वाटण्याचं कारण राहिलेलं नाही. ज्येष्ठाला मात्र तिच्याकडून शिकायचा संकोच वाटेल, आणि त्याने तो गिळावा.

सोसायट्यांच्या ऑडिटचा मराठी गट अंधेरीत बसवायचा तर जागेची अडचण नाही. मेट्रोच्या आसपास कोणाच्या तरी ऑफिसची कॉन्फरन्स रूम संध्याकाळी रिकामीच असते. पहिल्या बैठकीला घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी अशा चार ठिकाणची चार माणसं पुरतील. येताना प्रत्येकाने आपली अडलेली एक फाइल, नाव खोडून, बरोबर आणावी.